ड्युपेज काउंटीचं ‘जिल्ह्याचं ठिकाण’ : व्हीटन, इलिनॉय (इतिहास, भूगोल, लोकसंख्या)

शिवारनकाशा (धागाकर्ता)

शिकागोच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांचे पत्ते बहुतेक नेपरव्हिलचे नाहीतर ऑरोराचे. पण मुलाचा जन्मदाखला, घराचा दस्त, मालमत्ता कराचं बिल, ज्युरीचं बोलावणं हे सगळं येतं व्हीटनहून. नेपरव्हिलच्या जवळपास एक तृतीयांश लोकसंख्येचं गाव, तरी दप्तर तिथे. हे असं का झालं, ते या धाग्यात नीट लिहून ठेवावं असं वाटतं.

आधी मांडणी. व्हीटन शिकागोच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. ड्युपेज काउंटीत नऊ टाउनशिप (काउंटीचे लहान प्रशासकीय भाग) आहेत आणि व्हीटनचा बहुतेक भाग त्यांपैकी मिल्टन टाउनशिपमध्ये येतो. काउंटी १८३९ साली कुक काउंटीतून वेगळी काढली. तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण नेपरव्हिल ठरलं आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. जोसेफ नेपरची वसाहत १८३१ पासून नदीकाठी होती, तिथे वस्ती होती, दुकानं होती. व्हीटनच्या जागी तेव्हा गवताळ माळ आणि हातावर मोजण्याइतकी शेतं.

इरॅस्टस गॅरी १८३१ मध्ये कनेक्टिकटहून येऊन ड्युपेज नदीच्या काठी स्थिरावला. त्याच्या मागोमाग त्याच्याच मुलखातले वॉरन आणि जेसी व्हीटन हे भाऊ १८३० च्या दशकाच्या अखेरीस आले. वॉरनने ६४० एकरांवर हक्क सांगितला. हा आकडा सहज आलेला नाही. अमेरिकी मोजणीत जमीन सहा मैल गुणिले सहा मैलांच्या चौकोनात आखली जाते, त्याचे ३६ तुकडे होतात आणि एका तुकड्यात, म्हणजे एका चौरस मैलात, बरोबर ६४० एकर असतात.

ही जमीन रिकामी नव्हती, हेही इथेच लिहायला हवं. ती पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांची होती. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात गोरे वसाहतवाले शिकागोच्या फोर्ट डिअरबॉर्नकडे पळाले, आणि पुढच्याच वर्षीच्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं. व्हीटन बंधू आले ते त्यानंतर.

खरं वळण १८४८-४९ चं. गॅलिना अँड शिकागो युनियन ही शिकागोतून निघणारी पहिली रेल्वे. व्हीटन बंधूंनी तिला आपल्या जमिनीतून वाट फुकट दिली, रेल्वेने स्थानकाला त्यांचं नाव दिलं. १८५० मध्ये घरांच्या जागांचे दहा ब्लॉक आखून, जो लगेच घर बांधेल त्याला जागा मोफत, असं जाहीर झालं. १८५३ मध्ये रीतसर आराखडा दाखल झाला आणि १८५९ मध्ये गावाला दर्जा मिळाला.

---

रुळावरून

रेल्वेचा मुद्दा थोडा पुढे नेतो, कारण काउंटीचं ठिकाण हललं ते याच्यामुळे.

नेपरव्हिलकरांनी त्या वेळी पैसा घातला होता फळ्यांच्या रस्त्यात, म्हणजे जाड लाकडी फळ्या आडव्या टाकून केलेल्या टोलच्या रस्त्यात. चिखलात बैलगाड्या रुतायच्या, त्यावरचा तो उपाय होता. पण फळ्या काही वर्षांत कुजतात, दुरुस्तीचा खर्च टोलमधून निघत नाही, आणि शेजारून आगगाडी धावू लागली की धान्य तिकडे वळतं. नेपरव्हिलला रेल्वे मिळाली ती थेट १८६४ मध्ये, बर्लिंग्टन कंपनीची. तोवर व्हीटनला पंधरा वर्षांची आघाडी मिळून गेली होती.

नकाशा समोर ठेवला की दुसरी गोष्ट दिसते. व्हीटन काउंटीच्या मध्याच्या जवळ आहे आणि नेपरव्हिल नैर्ऋत्य कोपऱ्यात. घोडागाडीच्या काळात कचेरीत जाऊन परत येणं एका दिवसात बसलं पाहिजे, हा मतदारांचा साधा हिशोब असायचा. ॲडिसन किंवा ब्लूमिंगडेलच्या शेतकऱ्याला नेपरव्हिल गाठून परत यायला दिवस पुरत नसे.

---

दप्तरी

काउंटीचं ठिकाण हलवण्यासाठी दोनदा मतदान झालं. १८५७ मध्ये व्हीटन हरलं. १८६७ मध्ये जिंकलं, पण अगदी थोड्या मतांनी. वॉरन व्हीटनने जागा दिली, १८६८ च्या उन्हाळ्यात न्यायालयाची इमारत उभी राहिली. नेपरव्हिलने मात्र निकाल मानला नाही आणि दप्तर द्यायला नकार दिला.

मग १८६८ च्या जुलैमध्ये एका रात्री व्हीटनची माणसं गाड्या घेऊन नेपरव्हिलला गेली, न्यायालय फोडलं आणि नोंदवह्या भरून आणल्या. गावाला जाग आली, तेव्हा काही वह्या मागेच राहिल्या. त्या पुन्हा पळवल्या जाऊ नयेत म्हणून नेपरव्हिलकरांनी ‘सुरक्षित’ जागी, शिकागोला, ठेवायला पाठवल्या. १८७१ च्या शिकागोच्या आगीत त्या जळाल्या.

या प्रसंगाचं आजही व्यवहारात महत्त्व आहे. ड्युपेजमधल्या १८६८ पूर्वीच्या नोंदी शोधणाऱ्याला मधेच खिंडार लागतं, आणि ‘कचेरीत नीट शोधलं नाही’ असं वाटून लोक पुन्हा पुन्हा अर्ज करत राहतात. तिथे नसलेला कागद दहा अर्जांनीही येणार नाही. अशा वेळी शोध दुसऱ्या बाजूने करावा लागतो :

पहिल्या मालकाची नोंद संघीय सरकारच्या जमीन-पट्ट्यांत मिळते. शिकागोचं जमीन कार्यालय १८३५ मध्ये उघडलं, आणि ते पट्टे काउंटीच्या दप्तरात नव्हते, म्हणून वाचले. १८४० च्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जन्मस्थान मिळतं. लग्न आणि बारसं यांसाठी चर्चच्या वह्या. आणि कुक काउंटी विसरू नका. १८३९ च्या आधी हा भाग कुकमध्ये होता. पण कुकच्या त्या काळच्या नोंदींचाही मोठा भाग त्याच आगीत गेला, तेव्हा तिथून फार आशा नको.

---

ओसरी

सध्याची लाल इमारत तीच का, १८६८ ची?

---

दप्तरी

@ओसरी, नाही. गावाच्या मध्यात घड्याळाचा मनोरा असलेली दिसते ती १८९६ ची, वास्तुकार मिफ्लिन बेल. लाल वीट, चुनखडीच्या दगडाचे पट्टे, जाड अर्धवर्तुळाकार कमानी, ही त्या काळची रोमनेस्क धाटणी. १९७८ मध्ये ती राष्ट्रीय वारसा यादीत आली. १९९० च्या सुमारास न्यायालय तिथून हललं, आणि नंतर त्या जागेत घरं झाली. म्हणजे टपालपत्त्यातलं ‘कोर्टहाउस’ वाचून तिथे जाऊ नका, तिथे आता लोक राहतात.

न्यायालय आणि प्रशासन दोन्ही आज काउंटी फार्म रोडवर आहेत : ४२१ नॉर्थ हे प्रशासन, ५०५ नॉर्थ हे न्यायालय. स्थानकापासून पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटर. रस्त्याच्या नावाचं कारण साधं आहे. एकोणिसाव्या शतकात काउंटीने निराधारांसाठी चालवलेलं शेत आणि आश्रमगृह तिथे होतं. जमीन काउंटीचीच होती, म्हणून शंभर वर्षांनी कचेऱ्याही तिथे गेल्या.

नव्या न्यायालयाची सुरुवात खडतर झाली. १९९२ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, श्वासाचा त्रास होऊ लागला आणि इमारत काही काळ रिकामी करावी लागली. बंदिस्त काचेच्या इमारतीत बाहेरची ताजी हवा कमी पडली की असं होतं. इमारत नवी असली तरी वायुवीजनाचा हिशोब चुकला तर ती राहण्याजोगी नसते, हे त्या दशकात अमेरिकेत अनेक ठिकाणी कळून आलं.

---

खानेसुमारी

लोकसंख्येवर लिहितो. आधी आकडे, दर दहा वर्षांचे :

१८७० – ९९८
१८८० – १,१६०
१८९० – १,६२२
१९०० – २,३४५
१९१० – ३,४२३
१९२० – ४,१३७
१९३० – ७,२५८
१९४० – ७,३८९
१९५० – ११,६३८
१९६० – २४,३१२
१९७० – ३१,१३८
१९८० – ४३,०४३
१९९० – ५१,४६४
२००० – ५५,४१६
२०१० – ५२,८९४
२०२० – ५३,९७०

काउंटीचं ठिकाण झाल्यामुळे गाव फुगलं, असा समज आहे. आकडे तसं म्हणत नाहीत. १८६८ नंतरच्या पहिल्या बारा वर्षांत वाढ किरकोळ आहे. कचेरीने गावाला वकील, कारकून, खाणावळी दिल्या, माणसांचा लोंढा नाही दिला. १९२० च्या दशकातली ७५ टक्क्यांची उडी शिकागोला रोज जाणाऱ्यांची. मग १९३० ते १९४० मध्ये फक्त १३१ माणसं वाढली, ती मंदीची खूण : घरबांधणी थांबली होती. १९५० ते १९६० मध्ये दुपटीपेक्षा जास्त. त्याच दहा वर्षांत काउंटीही १,५४,५९९ वरून ३,१३,४५९ झाली.

२००० ते २०१० मधली घट पाहून ‘गाव ओस पडतंय’ असं कोणी म्हणेल. तसं नाही. मोकळी जमीन संपली, चारही बाजूंना दुसऱ्या नगरपालिकांच्या हद्दी लागल्या. मुलं मोठी होऊन बाहेर गेली, आईवडील त्याच चार खोल्यांच्या घरात राहिले. घरं तितकीच, दर घरामागे माणसं कमी. २०२० मधली किंचित वाढ ही मध्यवस्तीतल्या नव्या अपार्टमेंटांशी जुळते.

आणखी एक प्रमाण : १९५० मध्ये काउंटीतला प्रत्येक तेरावा माणूस व्हीटनचा होता. २०२० मध्ये काउंटी ९,३२,८७७ आणि व्हीटनचा वाटा सहा टक्क्यांच्याही खाली. नेपरव्हिल १,४९,५४० वर आहे, अर्थात त्यातला दक्षिणेचा भाग विल काउंटीत मोडतो.

---

रुळावरून

१९२० च्या उडीमागे आणखी एक रेल्वे आहे, जिचं नाव राहून जातं. शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन. १९०२ मध्ये सुरू झालेली विजेची गाडी. वीज वरच्या तारेतून न घेता रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून घ्यायची. तिचा कारखाना आणि यार्ड व्हीटनमध्ये, आणि व्हीटनलाच मार्ग फुटायचा : एक फाटा वायव्येला एल्जिनकडे, दुसरा नैर्ऋत्येला ऑरोराकडे.

ती बंद पडली त्याची साखळी अशी. ही गाडी शिकागोच्या मध्यात शहरी उन्नत रेल्वेच्या रुळांवरून शिरायची. १९५३ मध्ये काँग्रेस द्रुतगती मार्गाच्या बांधकामासाठी ते रूळ काढायचे ठरले, तेव्हा गाडी फॉरेस्ट पार्कलाच थांबवावी लागली. प्रवाशाला तिथे उतरून दुसरी गाडी पकडायची पाळी आली. समांतर असलेली शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न थेट जात होती, लोक तिकडे गेले. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी प्रवासी सेवा बंद झाली आणि सकाळी कामाला गेलेल्यांना परतीला गाडीच उरली नाही. मालगाड्या १९५९ पर्यंत चालल्या.

१९६३ मध्ये मॉर्टन आर्बोरेटममधल्या निसर्ग-अभ्यासक मे वॉट्स यांनी शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहून, रूळ काढलेली ही पट्टी चालण्यासाठी राखावी असं सुचवलं. त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ झाला. रुळांच्या जागी पायवाट करण्याच्या देशातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. गाडी जिथे फुटायची, तिथेच, व्हीटनच्या मध्यात, आज पायवाट दोन बाजूंना फुटते. सायकलवाल्यांनी इथे पाटी नीट वाचावी. ऑरोराला जायचं असताना एल्जिनच्या फाट्याला लागलं तर चूक बरीच उशिरा लक्षात येते, कारण दोन्ही वाटा सुरुवातीला सारख्याच दिसतात.

पहिली रेल्वे मात्र आजही आहे. गॅलिना १८६४ मध्ये नॉर्थ वेस्टर्नमध्ये मिळाली, ती १९९५ मध्ये युनियन पॅसिफिकमध्ये. लोकलचं नाव युनियन पॅसिफिक वेस्ट. व्हीटन गावात दोन स्थानकं आहेत : व्हीटन आणि कॉलेज ॲव्हेन्यू. कचेरीला जायचं तर व्हीटनला उतरा.

---

पाणलोट

भूगोलात फक्त रेल्वे नको, पाणीही घ्या.

व्हीटन समुद्रसपाटीपासून साधारण २३० मीटरवर आहे, हिमनदीने मागे टाकलेल्या मातीच्या लाटांवर. त्यांना हिमोढ म्हणतात. वरून सपाट वाटतं, पण पाणी उतार ओळखतं. मिशिगन सरोवर ४० किलोमीटरवर असूनही इथला पाऊस तिकडे जात नाही. विनफिल्ड क्रीक आणि स्प्रिंग ब्रूक ड्युपेज नदीच्या पश्चिम शाखेला मिळतात, ती डेस प्लेन्सला, मग इलिनॉय नदी, मग मिसिसिपी. व्हीटनच्या गटारातलं पाणी मेक्सिकोच्या आखाताला जातं.

माती चिकण. पाणी मुरायला वेळ लागतो. म्हणून तळघरात पाणी येणं ही इथली जुनी तक्रार. घर घेताना बघायच्या गोष्टी सांगतो :

१) तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यातलं पाणी उपसणारा सम्प पंप चालवून पाहा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, तरंगता गोळा (फ्लोट) उचलला गेला की पंप लागलाच पाहिजे आणि पाणी उपसून बंदही झाला पाहिजे. सतत चालू राहत असेल तर परतीची झडप गेलेली असते, तेच पाणी पुन्हा खड्ड्यात येतं.

२) बॅटरीवरचा दुसरा पंप आहे का? वादळात वीज जाते आणि पाऊस त्याच वेळी कोसळतो. विजेवरचा एकच पंप असेल तर नेमका गरजेच्या तासाला तो बंद पडतो. बॅटरी किती जुनी आहे तेही विचारा. पाच वर्षांपुढची असेल तर बदलायचीच आहे असं धरून चाला.

३) पंपाचा पाइप बाहेर कुठे सोडलाय? भिंतीपासून दोन-तीन मीटर तरी लांब आणि उताराकडे हवा. भिंतीलगत सोडला तर तेच पाणी पायाच्या कडेने परत आत येतं.

४) पूररेषेचा नकाशा पत्त्यानुसार पाहा. क्रीकपासून दोन गल्ल्या दूर असूनही सखल भाग रेषेत येऊ शकतो, आणि मग कर्ज देणारी बँक पूरविमा मागतेच.

पिण्याच्या पाण्याबद्दल : १९९२ पर्यंत व्हीटन विहिरींवर होतं. ते पाणी फार जड, आणि खोल थरांतली पातळी वर्षागणिक खाली चाललेली. ड्युपेज वॉटर कमिशनने मोठी वाहिनी टाकून १९९२ मध्ये मिशिगन सरोवराचं, शिकागोत शुद्ध केलेलं पाणी आणलं. जुन्या घरांत पाणी मऊ करणारं यंत्र अजून दिसतं. सरोवराच्या पाण्याला त्याची सहसा गरज नाही. हद्दीबाहेरच्या, विहिरीवरच्या घराला मात्र आहे.

---

शून्यमैल

लोकसंख्या शोधताना होणारी एक गल्लत नोंदवतो. ६०१८७ आणि ६०१८९ हे टपाल-क्रमांक ‘व्हीटन’ म्हणून लिहिले जातात, पण त्यांत नगरपालिकेच्या हद्दीबाहेरची वस्तीही आहे. म्हणून टपाल-क्रमांकावरून काढलेला आकडा आणि शहराचा आकडा जुळत नाही. मिल्टन टाउनशिपचा आकडा घेतला तर ग्लेन एलिनही आत येतं. शहराचा हवा असेल तर खानेसुमारीत ‘प्लेस’ निवडा.

शाळेचंही तसंच. बहुतेक व्हीटन २०० क्रमांकाच्या शाळा-जिल्ह्यात आहे, पण पूर्वेकडची काही घरं ग्लेन एलिनच्या शाळांना जोडलेली आहेत. पत्त्यावर ‘व्हीटन’ दिसतं म्हणून गृहीत धरू नका. कराच्या बिलावर शाळा-जिल्ह्याची ओळ असते, ती वाचा.

---

ओसरी

मराठी आणि एकूण भारतीय माणसं या काउंटीत आली कशी? आणि व्हीटनपेक्षा नेपरव्हिलमध्येच जास्त का?

---

खानेसुमारी

@ओसरी, नोकऱ्या कुठे उभ्या राहिल्या ते बघा. अर्गोन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काउंटीच्या आग्नेय भागात. पूर्व-पश्चिम टोलवे, म्हणजे आजचा आय-८८, १९५० च्या दशकाच्या शेवटी झाला. तो व्हीटनच्या दक्षिणेने जातो. बेल लॅब्जचं इंडियन हिल केंद्र १९६६ मध्ये नेपरव्हिलला उघडलं. फर्मीलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बटाव्हियाला, तिची जमीन ड्युपेजमध्येही. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने भारतातून शिकलेल्या इंजिनियर-शास्त्रज्ञांना दार उघडलं, आणि ते दार उघडलं तेव्हा नोकऱ्या या टोलवेच्या कडेला होत्या. नेपरव्हिलच्या दक्षिणेला मोकळी शेतं होती, तिथे नवी घरं झाली. व्हीटन तोवर बरंचसं भरलेलं होतं.

२०२० मध्ये काउंटीत आठांतला एक आशियाई वंशाचा होता. नेपरव्हिलमध्ये पाचांतला एक. व्हीटनमध्ये प्रमाण त्याहून बरंच कमी.

व्हीटनची घडणही वेगळी. १८६० मध्ये जोनाथन ब्लँचर्ड या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने व्हीटन कॉलेज उभं केलं, त्यासाठीही जमीन वॉरन व्हीटनने दिली. तेव्हापासून गावाला इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती वळण आहे. धर्मप्रचारक बिली ग्रॅहम १९४३ मध्ये याच कॉलेजातून बाहेर पडले. गावात दारूविक्रीवरची बंदी १९८५ पर्यंत होती.

---

रुळावरून

धार्मिक वळणात एक अनपेक्षित गोष्ट आहे. अमेरिकेतल्या थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय याच व्हीटनमध्ये, मेन स्ट्रीटच्या उत्तर टोकाला. १९२६ मध्ये त्याची कोनशिला ॲनी बेझंट यांनी बसवली. दहाच वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली आणि सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंनी आपली. त्याच बाई व्हीटनच्या माळावर. तिथलं ग्रंथालय कर्नल ऑल्कॉटच्या नावाचं आहे आणि भारतीय तत्त्वज्ञानाची पुस्तकं तिथे भरपूर.

---

खोडदकर

या धाग्यात व्हीटनमध्ये रेडिओ दुर्बीण उभारणाऱ्या ग्रोट रीबरचं नाव यायलाच हवं.

कार्ल जान्स्कीने १९३३ मध्ये आकाशगंगेतून रेडिओ लहरी येतात असं जाहीर केलं, आणि खगोलशास्त्रज्ञांनी त्याकडे जवळपास दुर्लक्ष केलं. रीबर दिवसा शिकागोत रेडिओ कंपन्यांमध्ये काम करायचा. १९३७ मध्ये त्याने व्हीटनमध्ये, घराच्या आवारात, साडेनऊ मीटर व्यासाची ताटली उभी केली : लाकडी सांगाडा, वर जस्ती पत्रा. ती फक्त वर-खाली हलायची, आडवी नाही. पृथ्वी फिरेल तसं आकाश समोरून सरकेल, हा हिशोब.

आधी त्याने ३,३०० मेगाहर्ट्झला ऐकलं, काही नाही. मग ९०० ला, तरी नाही. कारण त्या वेळचा अंदाज असा होता की वारंवारता वाढली की लहरी बळकट होतील, जसं तापलेल्या वस्तूचं असतं. प्रत्यक्षात उलट होतं. १६० मेगाहर्ट्झला उतरल्यावर आकाशगंगा ऐकू आली. निरीक्षणं रात्री करावी लागत, कारण दिवसा मोटारींच्या ठिणग्यांचा गोंगाट. १९४४ मध्ये त्याने आकाशाचा रेडिओ नकाशा छापला. ती ताटली आता वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकला ठेवलेली आहे.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस ताटल्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या मूळ पट्ट्यांपैकी एक १५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे रीबरला जिथे उत्तर सापडलं त्याच्या अगदी शेजारचा. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेला जास्त बळकट लहरी सोडतात. व्हीटनच्या परसात दिसलेली ती गोष्ट आज खोडदला रोजचं काम आहे.

आणि खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल १९०६ मध्ये व्हीटनच्याच शाळेतून बाहेर पडला. रीबरची आई शिक्षिका होती, तिच्या विद्यार्थ्यांत हबल होता.

---

ओसरी

कामाचा प्रश्न. नेपरव्हिल-ऑरोराच्या माणसाने व्हीटनला नेमकं कधी जायचं?

---

दप्तरी

@ओसरी, सगळ्यात आधी आपली काउंटी ओळखा, गाव नाही. नेपरव्हिल ड्युपेज आणि विल या दोन काउंट्यांत आहे. ऑरोरा तर चार काउंट्यांत : केन, ड्युपेज, केंडल, विल. ठिकाणं अनुक्रमे जिनिव्हा, व्हीटन, यॉर्कव्हिल, जोलिएट. दक्षिण नेपरव्हिलचा माणूस व्हीटनला जाऊन रांगेत उभा राहिला तर त्याला जोलिएटला पाठवतात.

लग्नाचा परवाना. तुम्ही राहता त्या काउंटीचा नको, जिथे लग्न लागणार त्या काउंटीचा हवा. हॉल शाम्बर्गला असेल तर शाम्बर्गचा बहुतेक भाग कुकमध्ये आहे, तिथला काढा. दोघांनी एकत्र जायचं. परवाना दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतो आणि ६० दिवस चालतो. शुक्रवारी काढून शुक्रवारीच संध्याकाळी लग्न लावता येत नाही. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी भरलेला परवाना दहा दिवसांत काउंटी क्लार्ककडे परत पाठवायचा असतो. तो राहून गेला की लग्नाची नोंद होत नाही, आणि हे बहुधा व्हिसाच्या अर्जाच्या वेळी कळतं. गुरुजींच्या हाती परवान्यासोबत तिकीट लावलेला लिफाफाच द्या.

जन्मदाखला. जन्म ज्या काउंटीत झाला तिथे. रुग्णालय पाहा, घर नाही. नावातली चूक काउंटी दुरुस्त करत नाही, ती स्प्रिंगफील्डला राज्याच्या आरोग्य खात्याकडून होते. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लिहिताना रुग्णालयातल्या फॉर्मवरच अक्षरं दोनदा तपासा. भारतात वापरायला अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र) हवं असेल तर ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, प्रमाणित प्रतीवर. साध्या झेरॉक्सवर नाही.

ज्युरीचं बोलावणं. यादी मतदारांबरोबर वाहन परवान्यांवरूनही होते, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही पत्र येतं. ते फेकून देऊ नका. ‘नागरिक नाही’ या खान्यावर खूण करून परत पाठवा. आणि भीतीपोटी खोटं ‘नागरिक आहे’ तर मुळीच लिहू नका, ते पुढे फार महागात पडतं.

---

शिवारनकाशा

मालमत्ता कराचं मी जोडतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे.

बिलावरचा दहा अंकी क्रमांक वाचायला शिका. पहिले दोन अंक टाउनशिपचे. वायव्येपासून ओळीने : ०१ वेन, ०२ ब्लूमिंगडेल, ०३ ॲडिसन, मग दुसरी ओळ ०४ विनफिल्ड, ०५ मिल्टन, ०६ यॉर्क, तिसरी ओळ ०७ नेपरव्हिल, ०८ लाइल, ०९ डाउनर्स ग्रोव्ह. पुढचे दोन अंक त्या चौरस मैलाच्या तुकड्याचे. म्हणजे वर लिहिलेली ती ६४० एकरांची मोजणी आजही तुमच्या बिलावर आहे.

मूल्यांकन टाउनशिपचा असेसर करतो, बाजारभावाच्या एक तृतीयांशावर. आक्षेप घ्यायचा असेल तर टाउनशिपची यादी वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत काउंटीच्या बोर्ड ऑफ रिव्ह्यूकडे. टपालाने सूचना उशिरा मिळाली म्हणून मुदत वाढत नाही. ‘कर फार आहे’ हा आक्षेप तिथे चालत नाही, ‘किंमत जास्त धरली’ हा चालतो. त्यासाठी जवळची, त्याच आकाराची, नुकती विकलेली तीन-चार घरं पुरावा म्हणून जोडा.

कर एक वर्ष मागे चालतो : २०२५ चा कर २०२६ मध्ये, साधारण १ जून आणि १ सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का दंड. याच मागेपणामुळे घर घेताना विक्रेत्याने त्याच्या काळातल्या कराची रक्कम खरेदीदाराला वजा करून द्यायची असते. ती ओळ हिशोबपत्रकात आहे का, ते सही करण्याआधी पाहा.

नव्या घराचं वेगळं. पहिलं बिल पुष्कळदा फक्त जमिनीवर येतं आणि फार कमी असतं. बँक त्यावरून मासिक हप्ता ठरवते. पुढच्या वर्षी घरासकट मूल्यांकन झालं की बिल कितीतरी पटींनी वाढतं आणि बँकेच्या खात्यात तूट पडते. पहिल्याच वर्षी शेजारच्या पूर्ण मूल्यांकन झालेल्या घराचं बिल काउंटीच्या संकेतस्थळावर पाहून तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

---

ओसरी

घरमालक-सवलत आपोआप मिळते का?

---

शिवारनकाशा

@ओसरी, नाही. १ जानेवारीला तुम्ही मालक असून तिथे राहत असाल तरच त्या वर्षासाठी, आणि नोंद करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाची सवलत बिलावर दिसते म्हणून ती तुमची झाली असं नाही. दस्त नोंदला गेला की टाउनशिप असेसरच्या कचेरीत फोन करून विचारा. मिल्टनचा असेसर वेगळा, नेपरव्हिल टाउनशिपचा वेगळा, आणि दोन्ही काउंटी फार्म रोडवर बसत नाहीत.